मेंढ्यांमागची मुले आणि कंपनीतली मुले: खान्देशातील तिन्ही जिल्हा प्रशासनांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, धुळे, नंदुरबार व जळगाव
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, धुळे, नंदुरबार व जळगाव

विषय: मेंढपाळ समाजातील तरुणांचे स्थलांतर, त्यांच्या धाकट्या भावंडांचे शिक्षण आणि चराईचा हक्क यांबाबत.

महोदय / महोदया,

सविनय नमस्कार.

साक्री तालुक्यातील एका ठेलारी, म्हणजे भटक्या मेंढपाळ, कुटुंबात मी वाढलो आणि सध्या धुळे जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवतो. माझे काही नातलग आजही मेंढ्या घेऊन वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या फिरत्या तळावर, आहेत आणि त्यांचीच मुले सुरत, नाशिक व पुण्याच्या कारखान्यांत, गोदामांत आणि ढाब्यांवर कामाला आहेत. दोन्ही बाजूंशी माझा रोजचा संबंध आहे. आपल्या कार्यालयांत आमच्याविषयी जे निर्णय होतात, ते यांपैकी एकच बाजू डोळ्यांसमोर ठेवून होतात, असे वारंवार दिसल्यामुळे हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. अशा निमित्ताने आमच्या पागोट्यांचे, घोड्यांचे आणि घोंगड्यांचे कौतुक होते, आणि त्याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु त्याच वेळी आमच्या विशी-पंचविशीतल्या मुलामुलींचे काय चालले आहे, याकडेही कोणीतरी नीट पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आमची तरुण मुले मेंढ्या सोडून जात आहेत. याला प्रशासनाने प्रगती समजू नये आणि समाजातील वडीलधाऱ्यांनीही बेइमानी समजू नये. शाळा हवी तर मेंढ्या सोडा आणि मेंढ्या हव्या तर शाळा सोडा, असा पेच या मुलांपुढे उभा आहे आणि त्यातून ती जमेल तशी वाट काढत आहेत. हा पेच निसर्गाने घातलेला नाही. तो मोठ्या प्रमाणावर शासकीय कामकाजाच्या वेळापत्रकाने आणि जमिनीविषयीच्या निर्णयांनी घातलेला आहे, आणि म्हणूनच तो सोडवण्याची साधनेही बहुतांशी आपल्याच हातात आहेत, हे मला या पत्रात मांडायचे आहे.

फिरणे आम्हाला नवे नाही. पावसाळ्यात साक्री, शिंदखेडा आणि धुळे तालुक्यांतल्या आपापल्या गावांजवळच्या माळावर राहायचे आणि खरिपाची पिके निघाली, दसरा-दिवाळी झाली, की वाडे हलवायचे. कोणी तापीकाठाने, कोणी नाशिककडे, कोणी नवापूरच्या बाजूने गुजरातेत उतरायचे, आणि मृगाच्या आधी परतायचे, हे आमच्या वाडवडिलांचे वर्षचक्र होते आणि थोडेफार बदलून ते आजही चालू आहे. त्या फिरण्यात अख्खे घर फिरत असे. म्हातारी माणसे, बाळंतीण, तान्ही पोरे, कोंबड्या, कुत्री आणि घोड्यावर लादलेले बिऱ्हाड असे सगळे एकत्र जात असे. मूल चालायला लागले की कोकरे सांभाळायला लागे आणि कोणत्या गावच्या शिवारात पाणी कधी आटते, कोणता पाटील वाडा बसू देतो, कोणत्या वनस्पतीने मेंढी फुगते, हे ज्ञान त्याला चालता चालता मिळत असे. आता जे नवे स्थलांतर सुरू झाले आहे त्यात घर फिरत नाही, घराचे तुकडे होतात. थोरला मुलगा सुरतला, मधला नाशिकच्या अंबड-सातपूर भागात, आईवडील वाड्यावर, आजी एकटी गावी आणि धाकट्या मुलीचा पत्ता दर तीन महिन्यांनी वेगळा, अशी घरे आज आमच्याकडे शोधावी लागत नाहीत.

तरुण जातात ते मोबाइलमुळे, शहराच्या झगमगाटामुळे, कष्ट नको झाल्यामुळे, असे आमच्याच समाजाच्या बैठकांत बोलले जाते आणि अधिकाऱ्यांच्या तोंडूनही मी ते ऐकले आहे. हे मला मान्य नाही. सुरतेच्या यंत्रमागावर बारा-बारा तास उभे राहणे किंवा चाकणच्या गोदामात रात्रपाळी करणे हे मेंढ्या चारण्यापेक्षा सुखाचे काम आहे, असे ते करणारा एकही मुलगा म्हणत नाही. ती जातात, कारण चराईची जागा वर्षावर्षाला आकसत आहे आणि त्यांनी ती आकसताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, शिवाजीनगरला सौरऊर्जा प्रकल्प झाला, आणि आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी गावोगावच्या शासकीय आणि गायरान जमिनींचा शोध सुरू आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी याला आमचा विरोध नाही. आमचे निम्मे सोयरे शेतकरीच आहेत. परंतु महसूल दप्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदलेली जमीन आमच्या दृष्टीने पडीक नसते, ती पावसाळ्यातल्या चार महिन्यांचा आधार असते, आणि ती देताना त्या गावच्या मेंढपाळांना विचारण्याची पद्धत कोठेच नाही. गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात सर्व राज्यांना दिले होते. त्यानंतरही गायरान कमी कमीच होत गेले आहे, आणि उरलेल्या जमिनीवर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला आमचा माणूस त्या दिवशी गावात नसतो.

शेतांचेही तसेच. पूर्वी खरीप निघाला की शेत मोकळे असे आणि शेतकरी स्वतः निरोप पाठवून मेंढ्या बसवायला बोलावत. लेंडीखत आणि मूत्र शेताला मिळे, आम्हाला धान्य किंवा रोख मिळे. पाणी आले तसे साक्रीकडे कांदा वाढला, एकाच वर्षात दोन-तीन पिके होऊ लागली, आणि ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या शेतात मेंढरांचे पाय नकोत, हे शेतकऱ्याचे म्हणणेही खोटे नाही. तरीही नाते संपलेले नाही. शेवटच्या वेचणीनंतर कपाशीची फरदड (जुन्याच झाडांवरचे वाढीव पीक) न घेता शेतात मेंढ्या चाराव्यात, म्हणजे किडक्या बोंडांबरोबर गुलाबी बोंडअळीही जाते, असा सल्ला कृषी विभाग स्वतः देतो. खान्देश हा कापसाचा मुलूख आहे. कोणत्या गावात कोणत्या आठवड्यात कपाशी मोकळी होणार आहे आणि कोणता वाडा जवळ आहे, याची सांगड कृषी सहायक आणि पशुधन पर्यवेक्षक यांनी एकत्र बसून घातली, तर शेतकऱ्याचाही फायदा आहे आणि रात्री-अपरात्री होणारी भांडणेही टळतील. एवढ्या साध्या गोष्टीसाठी नवी योजना लागत नाही, दोन विभागांनी एकमेकांशी बोलावे लागते.

याखेरीज लोकरीला दर राहिलेला नाही. कातरणीची मजुरीसुद्धा निघत नाही, म्हणून कित्येक वाड्यांवर कातरलेली लोकर तशीच टाकून दिली जाते. हवामानाचा भरवसा गेला आहे. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत झालेल्या अवकाळी पावसात आणि गारठ्यात राज्यात हजारो मेंढ्या दगावल्या, तेव्हा ज्यांच्या डोळ्यांदेखत एका रात्रीत निम्मा कळप आडवा झाला, त्या घरातील मुलाने पुढच्या वर्षी कंपनीची वाट धरली, तर त्याला कोणी काय सांगावे?

शासन काहीच करत नाही असे मी म्हणणार नाही. राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ पासून आहे; तिच्यात २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी महिन्याला ६,००० रुपयांप्रमाणे २४,००० रुपयांचे चराई अनुदानही योजनेत आहे, आणि ज्यांना ते वेळेवर मिळाले त्यांना त्याचा उपयोग झाला आहे. पण मेंढ्या देणारा विभाग एक आणि चराई बंद करणारा विभाग दुसरा, अशी स्थिती असेल, तर त्या मेंढ्या घेऊन जायचे कोठे, हा प्रश्न लाभार्थ्याच्याच गळ्यात पडतो. तरुण मुले हिशेबी असतात. अनुदानातून मेंढ्या घेऊन वर्षभरात त्या विकून टाकाव्या लागलेला शेजारी त्यांनी पाहिलेला असतो.

आता शाळेविषयी लिहितो. हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान येथेच होत आहे.

शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण आपल्याकडे बहुधा शैक्षणिक वर्षाच्या आरंभी होते. राज्याने जुलै २०२२ मध्ये ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ राबवले, तेही त्याच दिवसांत. आषाढात आमचे वाडे गावाजवळ असतात, मुले घरी असतात, शिक्षक दारात आले की त्यांची नावे पटावर चढतात आणि कागदावर तो समाज शंभर टक्के शाळेत दाखल झालेला दिसतो. दिवाळीच्या सुट्टीत वाडा हलतो. सुट्टीनंतर बाकावर तो मुलगा नसतो, पण पटावर त्याचे नाव असते, आणि मार्चअखेरपर्यंत ते तसेच राहते, कारण नाव कमी झाले तर पटसंख्या घटते आणि शाळेवर प्रश्न येतो. यात कोणा एका शिक्षकाचा दोष नाही; मी त्याच व्यवस्थेत काम करतो आणि तिचा दाब मला ठाऊक आहे. परंतु असे मूल आठवीपर्यंत वर सरकते, नववीत माझ्यासमोर येते, आणि त्याला स्वतःच्या गावाचे नाव नीट लिहिता येत नाही. त्यानंतर ते लाजेने शाळा सोडते आणि सोळाव्या-सतराव्या वर्षी ठेकेदाराच्या गाडीत बसते. या मुलाने शिक्षण सोडले असे दप्तर म्हणते. माझ्या मते शिक्षणाने त्याला दर दिवाळीला सोडले.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, याचे कलम ५ सांगते की कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागली तर राज्यांतर्गत किंवा राज्याबाहेरही दुसऱ्या शाळेत जाण्याचा मुलाला हक्क आहे आणि दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश सुनिश्चित करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, असे कलम ९ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. मध्येच गाव सोडणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची, म्हणजे नव्या गावच्या शाळेत दाखवून शिक्षण पुढे चालू ठेवण्याच्या कागदाची, व्यवस्थाही आपल्याकडे आहे. पण ते पत्रक मूल निघण्याआधी हातात पडायला हवे आणि जेथे वाडा पोहोचणार तेथील शाळेला त्याची आगाऊ कल्पना हवी. आज यांपैकी काही होत नाही, आणि अनोळखी गावच्या मुख्याध्यापकांसमोर कागद घेऊन उभे राहण्याचे काम निरक्षर बापावर येते. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजना २०२२ पर्यंत सर्व राज्यांत लागू झाली, त्यामुळे आमच्या माणसाला नवसारीच्या दुकानातही स्वतःच्या वाट्याचे धान्य घेता येते. जे तांदळाच्या बाबतीत जमले ते इयत्ता चौथीच्या बाबतीत का जमू नये, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. प्रत्येक मुलाचा विद्यार्थी क्रमांक संगणकावर आहे. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. धुळे-नंदुरबारच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी सीमेपलीकडच्या अधिकाऱ्यांशी दरवर्षी ऑक्टोबरात एकदा पत्रव्यवहार केला, तरी शेकडो मुलांचे अर्धे वर्ष वाचेल.

हंगामी वसतिगृहांची कल्पना चांगली आहे, आणि ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना तिचा लाभ झालेला मी पाहिला आहे. मेंढपाळांच्या मुलांना ती कमी लाभते. ऊसतोडीचा हंगाम ठरलेला असतो, मुकादम ठरलेला असतो, गाव कधी रिकामे होणार हे सर्वांना माहीत असते; आमचे वाडे मात्र एकेक करून, पिकाच्या आणि पावसाच्या अंदाजाने हलतात, आणि वसतिगृहाची मंजुरी येईपर्यंत निम्मे निघून गेलेले असतात. शिवाय मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिला मागे ठेवायला आईचा जीव धजावत नाही, आणि वाड्यावर स्वयंपाक, पाणी आणि धाकटी भावंडे सांभाळायला तिची गरजही असते. म्हणून ज्या घरातला मुलगा सातवी-आठवीपर्यंत पोहोचतो, त्याच घरातली मुलगी चौथीत थांबते. इतर मागास बहुजन कल्याण विभागाने प्रत्येक जिल्ह्यात मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक अशी ७२ वसतिगृहे मंजूर केली, हे योग्यच झाले. पण ती महाविद्यालयात पोहोचलेल्यांसाठी आहेत. आमच्या मुली त्या दारापर्यंत येण्याआधीच सासरी गेलेल्या असतात. पाचवी ते दहावीच्या मुलींसाठी साक्री आणि शिंदखेडा येथे वर्षभर चालणारे, महिला अधीक्षक असलेले, आईबापांना केव्हाही येऊन भेटता येईल असे एक-एक वसतिगृह झाले, तर बालविवाह रोखण्यासाठी लावलेल्या सगळ्या फलकांपेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल, असे मी अनुभवाने सांगतो. मुलीला सुरक्षित जागा नाही म्हणून लवकर लग्न करून टाकणारे बाप मी पाहिले आहेत. त्यांना कायदा ठाऊक नसतो असे नाही.

जी थोडी मुले या सगळ्यातून बारावीपर्यंत जातात, त्यांच्यापुढे कागदांचा डोंगर असतो. भटक्या जमातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे महाराष्ट्रातील वास्तव्य २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे असल्याचा पुरावा लागतो. ज्या वर्षी माझे आजोबा वाड्यावर होते, कोणत्याही शाळेत गेले नव्हते आणि त्यांच्या नावावर एक गुंठा जमीन नव्हती, त्या वर्षीचा कागद त्यांच्या नातवाने आणावा, अशी ही अपेक्षा आहे. फिरणारे होतो म्हणून भटके ठरलो, आणि भटके असल्याचा दाखला हवा तर एका जागी राहिल्याचा पुरावा द्या, या अटीत किती मुलांचे अभियांत्रिकीचे, परिचर्येचे आणि पोलीस भरतीचे वर्ष वाया गेले, हे आपल्या जात पडताळणी समित्यांच्या प्रलंबित प्रकरणांवरून आपणास कळू शकेल. गृहचौकशीची, म्हणजे घरी येऊन खातरजमा करण्याची, तरतूद आहे. तिचा उपयोग अर्जदाराला अडवण्यासाठी होतो तितकाच त्याला मदत करण्यासाठी व्हावा. पावसाळ्यात वाडे गावाजवळ असताना तहसील कार्यालयाने महसूल, समाजकल्याण आणि पडताळणी समितीचे कर्मचारी एकत्र आणून शिबिरे घेतली, कुळ-देवक, नातेसंबंध, जुन्या चराई पावत्या आणि गावच्या वृद्धांचे जबाब तेथेच नोंदवून घेतले, तर बारावीच्या निकालानंतरची धावाधाव संपेल.

आता जी मुले गेली आहेत त्यांच्याविषयी. भुसावळ-सुरत मार्गावरच्या गाड्यांत नरडाणा, दोंडाईचा आणि नंदुरबार स्थानकांवर चढणारे हे तरुण सुरतेत उधना, लिंबायत, दिंडोली या खान्देशी वस्त्यांत पाच-सहा जण मिळून एक खोली घेतात. बहुतेकांच्या हाती नेमणुकीचे पत्र नसते, भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी विमा हे शब्द त्यांनी ऐकलेले असतात पण त्यांचे क्रमांक त्यांच्याजवळ नसतात, आणि बोट कापले गेले तर ठेकेदार मलमपट्टीचे पैसे देऊन गाडीत बसवून देतो. ही मुले कष्टाला मागे हटत नाहीत, रात्री जागण्याची त्यांना लहानपणापासून सवय असते, म्हणूनच त्यांना पहारेकरी आणि रात्रपाळीची कामे लवकर मिळतात. त्यांच्यात मोठा बदलही घडत आहे आणि तो सगळाच वाईट नाही. ती व्यसनाविरुद्ध बोलतात, बहिणीला शिकवा म्हणून बापाशी भांडतात, मोबाइलवरून पैसे पाठवतात आणि कोठे चारा आहे, कोठे पाऊस पडला याची खबरही वाड्याला देतात. आजारी मेंढीचा फोटो पाहून तिला कोणती लस द्यायची राहिली, हे डॉक्टरांना विचारून कळवणारा माझा एक माजी विद्यार्थी कंपनीत कामाला आहे. मेंढ्यांशी त्याचे नाते तुटलेले नाही. त्या नात्यावर पोट भरेल अशी स्थिती तेवढी उरलेली नाही.

लग्नाच्या बाजारात मात्र या बदलाने फार दुःख आणले आहे. वाड्यावरच्या मुलाला मुलगी द्यायला आमच्याच समाजातले बाप आता तयार नसतात, आणि मुलींचेही म्हणणे समजण्यासारखे आहे, कारण उघड्या माळावरची बाळंतपणे त्यांनी आपल्या आयांची पाहिली आहेत. ‘पोऱ्या कंपनीमा शे’ (मुलगा कंपनीत आहे) एवढे म्हटले की सोयरीक जुळते, मग तो तेथे दरमहा किती मिळवतो हे कोणी विचारत नाही. त्यामुळे ज्याला मनापासून मेंढ्या करायच्या आहेत, ज्याचा हात त्या कामावर बसलेला आहे, असा मुलगाही लग्नापुरता कारखान्यात जातो आणि तेथेच अडकतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे गावी येतात, झोके बांधले जातात, आणि त्या चार दिवसांत आईबाप आपल्या मुलाकडे पाहून ठरवतात की या वर्षी कळप ठेवायचा की विकायचा.

एक गोष्ट मला समाजाला आणि आपल्याला एकाच वेळी सांगायची आहे, आणि ती सांगताना मला वेदना होतात. घरची मुले निघून गेली की मेंढ्यांमागे कोणीतरी लागतेच. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातील कातकरी कुटुंबांची लहान मुले थोड्याशा पैशांवर मेंढपाळांकडे राबायला ठेवल्याचे उघडकीस आले, आणि त्यांतील सुमारे दहा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. ते मेंढपाळ खान्देशातले नव्हते, असे म्हणून आम्हाला हात झटकता येणार नाही. आपले लेकरू शाळेत जावे म्हणून दुसऱ्याच्या, आपल्याहून गरीब घराच्या लेकराच्या हाती काठी द्यायची, हे पाप आहे आणि वेठबिगारी निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्याने तो गुन्हाही आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून मेंढ्या वळायला आलेली लहान मुले खान्देशातील वाड्यांवर आहेत का, हे कामगार विभागाने आणि पोलिसांनी जरूर तपासावे. समाजाच्या मंडळांनी त्यांना त्यात साथ द्यावी. मात्र तपासणी करताना प्रत्येक वाड्याकडे गुन्हेगाराच्या नजरेने पाहू नये, आणि प्रौढ गड्याला योग्य मजुरीवर ठेवणे मेंढपाळाला परवडेल इतके तरी त्याचे उत्पन्न टिकावे, याचीही काळजी घ्यावी, कारण मूल लपते ते बहुतेक वेळा परवडत नाही म्हणूनच.

शेवटचा मुद्दा जंगलाचा आहे. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून उजाड डोंगर हिरवा केला. त्या कामाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा अभिमान आम्हा मेंढपाळांनाही आहे. तेथील निर्णय गावाने स्वतः, विचारपूर्वक घेतला होता. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी मात्र वनविभाग रोपवनाचे क्षेत्र बंद करतो आणि ते किती वर्षांनी, कोणत्या महिन्यांत, किती मेंढ्यांना खुले होईल, हे कोणाला सांगितले जात नाही. वनरक्षकाने पकडले तर दंड आणि न पकडले तर नशीब, एवढाच नियम उरतो. अशा अनिश्चिततेत कोणता तरुण हा धंदा पुढे नेईल? वनहक्क कायदा, २००६, याच्या कलम ३(१)(घ) मध्ये स्थायी व फिरत्या अशा दोन्ही प्रकारच्या चराईचा आणि भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा हक्क मान्य केलेला आहे. आम्हाला त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो, हे खरे. तरीही त्या कायद्याच्या नियमांत एक तरतूद आहे जी मला या सगळ्या पत्राच्या मुळाशी असलेली वाटते: पशुपालक आणि भटक्या समाजांच्या दाव्यांची पडताळणी ते लोक किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतील अशाच वेळी करावी. म्हणजे फिरणाऱ्या माणसाचे काम त्याच्या वर्षचक्राप्रमाणे करायचे असते, हे कायद्याने एका ठिकाणी तरी ओळखले आहे. वनहक्कांच्या जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि पशुपालकांचे दावे खरोखर हाताळले गेले आहेत की नाही, हे पाहण्याची जबाबदारी त्या समितीवर आहे. तिन्ही जिल्ह्यांत मेंढपाळांचे असे किती दावे आले, किती मान्य झाले, हे आपण जाहीर करावे. दावे आलेच नसतील, तर ते का आले नाहीत याचा शोध घ्यावा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत प्रथमच पशुपालक समाजांची वेगळी नोंद घेण्यात आली. त्या नोंदींवरून आपल्या जिल्ह्यात कोणत्या तालुक्यातून किती वाडे बाहेर पडतात, याचा आराखडा जिल्हा परिषदेला करता येईल. त्यात शाळकरी मुलांची आणि बाहेर कामाला गेलेल्या तरुणांची माहिती जोडली, तर शिक्षण हमी पत्रके, पडताळणी शिबिरे आणि वसतिगृहांच्या जागा यांचे नियोजन अंदाजाने करावे लागणार नाही. चाळीसगाव तालुक्यातील बिलाखेड येथे मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. तेथे आमच्या बारावी झालेल्या मुलामुलींना लसीकरण, कृत्रिम रेतन, पैदाशीच्या नोंदी आणि मटण व लेंडीखताच्या विक्रीचे प्रशिक्षण देऊन वाड्यावर सेवा देणारे कार्यकर्ते म्हणून मानधनावर नेमले, तर शिकलेल्या मुलालाही मेंढ्यांजवळ राहण्याचे एक सन्मानाचे कारण मिळेल, आणि त्याच्या लग्नाचा प्रश्नही कदाचित सुटेल.

माझी आपणास विनंती आहे की या वर्षी दसऱ्यापूर्वी तिन्ही जिल्ह्यांचे महसूल, शिक्षण, वन, पशुसंवर्धन आणि कामगार विभागांचे अधिकारी एका दिवशी साक्री येथे एकत्र यावेत आणि वाड्यांवरचे प्रमुख, त्यांच्या घरच्या स्त्रिया आणि बाहेरगावी काम करणारे तरुण यांच्यासोबत बैठक घ्यावी. तरुणांना सुट्टी मिळावी म्हणून तारीख निदान पंधरा दिवस आधी कळवावी. दिवाळीनंतर बैठक ठेवली, तर तोवर वाडे हललेले असतील.

आपला विश्वासू,
साक्री तालुक्यातील मेंढपाळ कुटुंबातला एक शिक्षक